थोरल्या बाबांचे साल : चार नोंदी आणि एक दिंडी

आपल्या दिंडीचे मूळ विणेकरी थोरले बाबा नेमके कोणत्या साली गेले, या एका प्रश्नाची चार उत्तरे आमच्याकडे जमा झाली. गावच्या जन्ममृत्यूच्या दप्तरात १९१८ चा ऑक्टोबर. वृंदावनाच्या दगडावर शके १८४१, माघ शुद्ध दशमी. सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, १९७५ साली छापलेल्या छोट्या पुस्तिकेत १९२७. आणि हक्कपत्रकाच्या जुन्या फेरफारात, हिशेब केला तर, १९२८. तिथीबद्दल कोणाचेच दुमत नाही. माघ शुद्ध दशमीला आपला सप्ताह उठतो, तो बाबांच्याच पुण्यतिथीचा. साल मात्र ज्याचे त्याचे वेगळे.

दहा वर्षे इकडेतिकडे झाली तर बिघडले काय, असे काही मंडळींनी विचारलेच. बिघडते. आपली दिंडी माउलींच्या सोहळ्यात पहिल्यांदा चालली ती शके १८४७ च्या ज्येष्ठ वद्य अष्टमीला, म्हणजे १९२५ साली, असे आपण धरून चाललो आहोत आणि त्याच हिशेबाने ही शताब्दी साजरी होते आहे. बाबा १९१८ ला गेले असतील तर १९२५ ला विणा कोणाच्या गळ्यात होता? मग एक तर दिंडी जुनी आणि शताब्दी कधीच होऊन गेली, नाहीतर दिंडी काढणारा माणूसच वेगळा. खालच्या आळीचे म्हणणे आज दोन पिढ्या हेच आहे. त्यांच्या घरचे थोरले बाबा, नाव तेच, बापाचे नाव तेच, १९१८ च्या साथीत गेले. "दिंडी आमच्या बाबांची, विणा वर गेला तो नंतर," असे तिकडची म्हातारी माणसे सांगत आली. वरच्या आळीच्या घरात अर्थातच याचे नाव काढले की ताट पुढे सरकवून माणूस उठतो. विण्याचा मान हा काही सातबाऱ्यावरचा हक्क नव्हे, पण भाऊबंदकीत मानाचे भांडण बांधाच्या भांडणापेक्षा जास्त दिवस चालते, हे आपण सगळे जाणतो.

म्हणून हे काम करताना आम्ही तिघे ठरवून तीन ठिकाणचे घेतले : एक वरच्या आळीचा, एक खालच्या आळीचा, आणि एक या भाऊबंदकीच्या बाहेरचा, निवृत्त शिक्षक. जे सापडेल ते तिघांनी मिळून वाचायचे आणि तिघांना पटेल तेच लिहायचे, एवढाच नियम केला. या लेखातले 'आम्ही' ते हे.

सालांचा घोळ वारकऱ्यांना नवा नाही. ज्ञानोबारायांचा जन्म कोणी शके ११९३ धरतात, कोणी ११९७. समाधीचे शके १२१८ मात्र सर्वमान्य. तुकोबांच्या जन्माची १५२० आणि १५३० ही दोन्ही शके अभ्यासकांनी हिरीरीने मांडली, शिवाय त्याहून मागे जाणारेही झाले. तुकोबांच्या वैकुंठगमनाचे तर उदाहरण आमच्या कामाला फारच उपयोगी पडले. परंपरा शके १५७१ ची फाल्गुन वद्य द्वितीया सांगते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे शाळेत शिकलेले असते, म्हणून कित्येक ठिकाणी १६४९ छापलेले दिसते. पण शक बदलतो पाडव्याला आणि इंग्रजी साल बदलते जानेवारीत. जानेवारी उजाडल्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत, म्हणजे पौषाचा शेवट, माघ आणि फाल्गुन, एवढ्या काळात ७८ नव्हे, ७९ मिळवावे लागतात. शके १५७१ चा फाल्गुन हा १६५० चा मार्च आहे. आपल्या बाबांची तिथीही माघातली, तेव्हा हा एकाचा फरक आमच्या वाटेत येणार हे उघड होते.

सुरुवात दगडापासून केली, कारण तो सर्वांना दिसतो आणि सर्वजण त्याचीच साक्ष काढतात. वृंदावनाच्या पुढच्या अंगाला चार ओळी कोरलेल्या आहेत. दर साली सप्ताहाच्या आधी वृंदावनाला रंग लागतो आणि अक्षरांत तांबडा ऑइलपेंट भरला जातो. रंगवणारा दरवेळी नवा. रंगाचे थर चढत जातात, कोरीव अक्षर बुजते, आणि ब्रश जिकडे जाईल तिकडे अक्षर जाते. आज तिथे १८४१ वाचता येते यात शंका नाही. पण त्याच ओळीत शकाच्या पुढे 'प्रभव नाम संवत्सरे' अशी अक्षरे आहेत, त्यांच्याकडे आजवर कोणी पाहिले नव्हते.

संवत्सरांची नावे साठ आहेत आणि ती ठरल्या क्रमाने फिरतात. शकात १२ मिळवून साठाने भागले की उरेल तो संवत्सराचा क्रमांक. शके १८४१ मध्ये १२ मिळवले, १८५३ झाले, साठाने भागून ५३ उरले : त्रेपन्नावे संवत्सर सिद्धार्थी. प्रभव हे तर पहिले. बाकी एक उरायची तर शक हवा १८४९. त्याच्या आधीचा प्रभव शके १७८९ मध्ये आणि नंतरचा १९०९ मध्ये, ते दोन्ही इथे लागूच पडत नाहीत. आकडा एका फटक्याने बदलतो, 'प्रभव' चे 'सिद्धार्थी' कोणत्याही रंगाऱ्याच्या हातून होत नाही. मग पंचांची परवानगी घेऊन शेवटच्या आकड्यावरचा तळहाताएवढा रंग थिनरने काढला आणि रात्री बॅटरीचा उजेड बाजूने आडवा टाकला. दुपारच्या उन्हात जे दिसत नाही ते असे दिसते, कोरलेल्या खाचेत सावली पडते. गाठ डाव्या अंगाला, शेपूट खाली : ९. वरचा एक हा ऑइलपेंटचा होता.

शके १८४९, माघ शुद्ध दशमी. त्यात ७९ मिळवायचे, म्हणजे १९२८. जानेवारी सरून फेब्रुवारी लागताना ती दशमी आली होती.

आता १९७५ च्या पुस्तिकेतले १९२७ कुठून आले तेही उलगडले. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी दगड वाचला आणि ७८ मिळवले. १९२७ मधून ७८ वजा करा, १८४९ च येतात. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी दगडावर ९ स्वच्छ वाचता येत होता. पुस्तिकेचे साल एकाने चुकले आहे, पण त्या चुकलेल्या सालानेच दगडाच्या बाजूने साक्ष दिली. जुने छापील काही चुकीचे निघाले की लोक ते बाजूला टाकतात. तसे करू नये. चूक कशी झाली असेल एवढे पाहिले तर तिच्या पोटात बरोबर आकडा बसलेला असतो.

इथवर येऊन आमच्यातल्या वरच्या आळीच्या गृहस्थांना वाटले की काम झाले. खालच्या आळीच्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, "मग दप्तरातला माणूस कोण?" प्रश्न रास्त होता. दगड हा नंतर कोणी बसवलेला असतो. दप्तर त्या दिवसांत लिहिलेले असते. दोन नोंदी भांडू लागल्या तर घटनेच्या जवळची नोंद आधी ऐकावी, हा साधा नियम आहे.

गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्याची जुनी पुस्तके तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून या पुस्तकांना एकदम भाव आला आणि मोडी वाचणाऱ्यांना दिवसभर बसायला जागा मिळेनाशी झाली. त्या गर्दीत आम्हाला मात्र एक माणूस हवा होता, दाखला नको होता, याचे तिथल्या लोकांना नवल वाटले. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारात मोडीच्या जागी बाळबोध आणायचे ठरवले खरे, पण गावच्या दप्तरातला हात एका ठरावाने बदलत नाही. १९१८ चे आपल्या गावचे पुस्तक मोडीतच आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे नाहीत, ओळ आधी आखून घेऊन लेखणी न उचलता लिहीत जायचे. आडनावाचे एक अक्षर लागले नाही की माणूस दुसऱ्याच घरात जाऊन बसतो. आम्ही जाणकाराकडून दोनदा वाचून घेतले, दुसऱ्या वेळी पहिले वाचन न दाखवता.

१९१८ चा तो ऑक्टोबर वाचताना आम्ही मूळ काम विसरलो. इन्फ्लुएंझाची साथ, लोक तिला मानमोडी म्हणत. देशात कोटीहून अधिक माणसे गेली असे आपण पुस्तकात वाचतो. दप्तरात ते असे दिसते : एरवी महिन्याला पान भरत नाही तिथे पानामागून पान, कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द, ताप. एकाच घरातली तीन नावे एकाखाली एक. काही पानांवर शाई आणि लेखणी इतकी सारखी की आठवड्याच्या नोंदी एका बैठकीत लिहिल्या असाव्यात. लिहिणाराही त्यातून उठूनच लिहीत असेल. त्यात बाबांचे नाव आहे, 'बिन' लावून बापाचे नाव आहे, आडनाव आहे. वय ३५. कारण ताप.

नाव तेच, म्हणून माणूस तोच, हे आपल्या गावात तरी धरता येत नाही. आज्याचे नाव नातवाला ठेवायची रीत, आणि नावे तरी किती? देवाधर्माची पाच-सहा नावे दोन्ही आळ्यांत पिढ्यान् पिढ्या फिरत राहतात. सप्ताहात माईकवरून एक नाव पुकारले तर आजही तिघे उभे राहतात. म्हणून नाव सोडून माणसाच्या भोवतीचे सगळे पाहायचे ठरवले : वय, बायको, मुले, जमीन.

जमिनीने पहिली वाट दाखवली. जुन्या फेरफारात या नावाच्या दोन मृत खातेदारांच्या दोन वारसनोंदी निघाल्या. एक १९१९ ची. खातेदार मयत, वारस मुलगा अज्ञान, त्याची अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. दुसरी १९३१ ची. खातेदार तीन वर्षांपूर्वी मयत, वारस दोन मुलगे, दोघेही सज्ञान. ही झाली आमची चौथी नोंद. फेरफाराचे साल हे माणूस गेल्याचे साल नसते, ते कोणीतरी चावडीवर जाऊन वर्दी दिल्याचे साल असते. कर्ज काढायचे असेल, वाटणी करायची असेल, तेव्हा कुठे बाप मेल्याची वर्दी जाते. त्यामुळे 'तीन वर्षांपूर्वी' हे शब्द फार मोलाचे. ते नसते तर बाबांचे पाचवे साल तयार झाले असते.

दोन्ही नोंदींतले सर्व्हे नंबर वेगळे. पुढे एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले, तेव्हा जुन्या नंबराचा आजचा गट कोणता हे एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून जुळवले. १९१९ च्या नोंदीतली जमीन ओढ्याकाठची, आजही खालच्या आळीकडे. १९३१ च्या नोंदीतली माळाची, वरच्या आळीकडे. म्हणजे एका नावाची दोन माणसे होती यात संशय उरला नाही. १९१८ ला गेलेला ओढ्याकाठचा, अज्ञान मुलगा मागे ठेवून गेलेला.

याला दुजोरा जन्माच्या पुस्तकात मिळाला. १९२२ साली याच नावाच्या बापाला मुलगी झाल्याची नोंद आहे. मुलीचे नाव नाही, त्या काळी नाव ठेवण्याच्या आधीच वर्दी जाई, म्हणून नुसते 'मुलगी'. वरच्या आळीच्या आत्याबाई या थोरल्या बाबांचे शेंडेफळ, त्या कोणत्या साली जन्मल्या हे त्यांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात १ जून १९२२ असे आहे. १ जून ही तारीख कोणी खरी मानू नये. जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी शाळेच्या सोयीची तारीख टाकत, आणि अर्धा महाराष्ट्र त्या दिवशी जन्मला. पण साल दप्तराशी जुळते. १९१८ ला गेलेल्या माणसाला १९२२ ला मुलगी होत नाही.

तरीही खालच्या आळीच्या गृहस्थांची एक शंका उरली होती, आणि ती आम्हा सर्वांचीच होती. थोरले बाबा १९२८ च्या माघात गेले तर त्या सालच्या गावच्या पुस्तकात त्यांचे नाव का नाही? आम्ही १९२७ ते १९२९ ची पाने ओळ न् ओळ पाहिली. नाही म्हणजे नाही. याच्या आधी ज्यांनी ज्यांनी शोध घेतला त्यांना गावच्या दप्तरात एकच मृत्यू सापडला, १९१८ चा, आणि तो त्यांनी बाबांना चिकटवला. त्यात त्यांची काही लबाडी नव्हती.

उत्तर घरात बोलले जात होते, कागद म्हणून कोणी त्याच्याकडे पाहिले नव्हते इतकेच. "बाबांनी देह पंढरीत ठेवला," असे वरच्या आळीत सांगतात. आम्ही ते भक्तीचे बोलणे समजत होतो. प्रत्येक वारकऱ्याला पंढरीत मरण यावे असे वाटते, आणि मागची माणसे त्याला तसे मरण देऊनही टाकतात. पण तिथी पाहा : माघ शुद्ध दशमी. दुसऱ्या दिवशी माघी एकादशी. आषाढी माउलींबरोबर आणि माघी गावातून थेट पायी, असा बाबांचा नेम होता. दशमीला ते गावात असायचे कारणच नव्हते. आणि मृत्यूची नोंद माणूस जिथला राहणारा तिथे होत नाही, जिथे मरण येते तिथे होते.

पंढरपूरच्या नगरपालिकेच्या दप्तरात शोधायला सांगितले तेव्हा आडनाव वेगळ्या तऱ्हेने लिहिलेले असू शकेल हे आधीच सांगून ठेवले. तसेच निघाले. आडनावातला 'ळ' चा 'ल' झालेला, राहण्याच्या रकान्यात गावाऐवजी तालुका, वारकरी म्हणून शेरा, आणि १९२८ च्या फेब्रुवारीचा पहिला आठवडा. ही एकटी नोंद हाती आली असती तर आम्ही तिच्यावर भरवसा ठेवला नसता, इतकी ती मोघम आहे. पण दगड, फेरफार आणि ती, तिघे एकमेकांना न विचारता एकाच सालाकडे बोट दाखवतात.

इतर दिंड्यांच्या मंडळींनी हे जरूर ध्यानात ठेवावे. पूर्वी पटकीच्या साथी वारीबरोबर चालत असत. वाटेवर गेलेला माणूस वाटेवरच्या गावच्या दप्तरात असतो. त्यात आपल्या वाटेवर तरडगाव, फलटण, बरड हा टापू १९४८ पर्यंत फलटण संस्थानात होता. तिथले दप्तर इंग्रजी मुलखाच्या दप्तराहून निराळे. सातारा जिल्ह्याची पुस्तके चाळून तिथे गेलेला पणजोबा सापडणार नाही.

पहिल्या वारीच्या सालाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे फारसा तंटा उरत नाही. दिंडीच्या हिशेबाच्या वहीचे पहिले पान शके १८४७, क्रोधन नाम संवत्सर असे आहे. संवत्सर जुळते. ते पान नंतर कोणी लिहून लावले असेल, ही शंका खालच्या आळीने पूर्वी घेतली होती. वही शिवलेली आहे, पहिल्या पानाचा जोडपाना मध्यावर येतो आणि त्यावर १८४८ चा खर्च आहे. पहिले पान नवे म्हणायचे तर मधलेही नवे म्हणावे लागेल. बाबांच्या गळ्यात विणा तीन आषाढ्या राहिला : क्रोधन, क्षय आणि प्रभव. साठ संवत्सरांतले शेवटून दुसरे, शेवटचे, आणि पुन्हा पहिले.

साल ठरले, माणूस ठरला. पण आमच्यातल्या कोणालाच यात जिंकल्यासारखे वाटेना. खालच्या आळीत दोन पिढ्या जे सांगितले जाते ते सगळेच हवेतले कसे असेल? त्यांच्या घरी जुने टाळ आहेत, बुक्क्याने काळा पडलेला करंडा आहे. वारी त्या घरात होतीच.

हे कोडे नाशिकला सुटले. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात हे पुष्कळांना माहीत आहे. कोणत्या मुलखाचे, कोणत्या आडनावाचे यजमान कोणाकडे, हे ठरलेले असते. आलेल्या माणसाने आपले नाव, बाप, आजा, पणजा, भाऊ, मुले सांगायची आणि उपाध्यायांनी ती लिहून घ्यायची. सरकारी दप्तर बापापाशी थांबते, ही वही पणजापर्यंत जाते. आम्ही तिथे गेलो ते दोन नावांचे आजे वेगळे होते का एवढेच पाहायला. १९२०-२१ च्या सिंहस्थातले पान निघाले. थोरले बाबा आलेले आहेत. १९१८ नंतर दोन वर्षांनी हा माणूस रामकुंडावर उभा आहे, एवढ्यावरच आमचे काम झाले होते. आजाही सांगितलेला आहे, पणजाही, दोन्ही मुलगे आहेत. आणि खाली, ज्यांच्या नावाने पिंड दिले त्यांच्यात आईबापांच्या मागून बाबांचे स्वतःचेच नाव पुन्हा लिहिलेले. पहिल्यांदा आम्हाला वाटले लिहिताना चुकले. पण त्याच्यापुढे शब्द आहेत : भाऊबंद, वारकरी, पुत्र अज्ञान.

तिघेही काही वेळ बोललो नाही. खालच्या आळीच्या गृहस्थांनी पानावर हात ठेवला आणि उपाध्यायबुवांना म्हणाले, "महाराज, हे आमचे." उपाध्यायबुवांनी त्यांचे नाव, मुलांची नावे विचारली आणि शंभर वर्षांनी त्या नोंदीच्या पुढे त्यांचीही नोंद करून घेतली.

एका नावाचे दोघे भाऊबंद. खालचे बाबा वयाने लहान, पण वारी त्यांची आधीची. दिंडी नव्हती तेव्हा ते दुसऱ्या गावच्या दिंडीत चालत. १९१८ च्या साथीत गेले तेव्हा मुलगा पिंड द्यायच्या वयाचा नव्हता, म्हणून वरच्यांनी ते आपल्या हातून दिले. त्यानंतर पाच वर्षांनी दिंडी निघाली. खालच्या आळीची आठवण त्यांच्या घरापुरती खरी होती. आमचे बाबा वारकरी, आमचे बाबा साथीत गेले, दोन्ही खरे. पुढे दिंडी त्याच नावाच्या माणसाची म्हणून प्रसिद्ध झाली आणि दोन आठवणी एका नावाखाली मिसळल्या.

हिशेबाच्या वहीचे पहिले पान आम्ही मग पुन्हा उघडले. शिध्याच्या यादीत वरून तिसरी ओळ आहे : ज्वारी एक पायली, आणि देणारीच्या जागी एका बाईचे नाव. ही ओळ आम्ही आधीही वाचली होती. आता १९१९ च्या फेरफारातले नाव शेजारी ठेवून वाचली. तीच ती, अज्ञान मुलाची पालनकर्ती. मालकाच्या माघारी ओढ्याकाठची जमीन कसून पहिल्या दिंडीला तिने पायलीभर ज्वारी घातली. १८४८ च्या यादीत ती आहे, १८४९ च्याही आहे. आपल्याकडे बायकांची नावे कागदावर येतात ती कोणाची तरी बायको, कोणाची तरी आई म्हणून. इथे नुसते तिचे नाव आहे, मागेपुढे काही नाही.

पंचांपुढे आम्ही हे सर्व कागद ठेवले. विण्याचा मान आज ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच राहावा, हे खालच्या आळीनेच आधी सांगितले. वृंदावनाचा दगड येत्या सप्ताहाआधी पूर्ण खरवडून कोरीव अक्षरे मोकळी करायची आणि पुढे त्यांत रंग भरायचा नाही, असे ठरले. या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर वारकऱ्यांची जी नामावळी आहे तिच्यात एकच नाव दोनदा आले आहे, ते छपाईचे चुकलेले नाही. नामावळीत एक पायली ज्वारीवाल्या आजीही आहेत.

ज्यांच्या घरी जुने फेरफार, शाळेचे दाखले, तीर्थाच्या ठिकाणचे उतारे किंवा भजनाच्या वह्या असतील त्यांनी त्या कार्तिकीच्या आधी मठात आणून दाखवाव्यात. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही, फोटो काढून लगेच परत करतो. मोडीतला कागद आहे म्हणून कोणी संकोच करू नये, आणि लॅमिनेशन मात्र कृपा करून कोणी करू नये. पुढचे काम पहिल्या तीन वाऱ्यांतल्या टाळकऱ्यांच्या यादीचे आहे. त्यात सात नावे अशी आहेत की ज्यांची घरे आज गावात नाहीत. गिरणीच्या दिवसांत मुंबईला गेलेली ती कुटुंबे असतील तर त्यांचे नातेवाईक कोणाच्या ओळखीत असल्यास कळवावे.

रामकृष्ण हरी.